लढाई संपल्यावरचा पहारा

ढाक्यातली फौज शरण आली, असं रेडिओवर सांगितलं त्या संध्याकाळी पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात चावडीपुढे गूळ वाटला. माझा नवरा तिकडेच लढत होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी धावतच घरी आले आणि सासऱ्यांपुढे गूळ धरला. त्यांनी घेतला नाही.

"मामंजी, लढाई संपली की!"

"लढाई संपली, पर फौज घरी आली का? परक्या शहरात हाय ती अजून."

मग त्यांनी जे सांगितलं, ते सासूबाईंनीही कधी पुरतं ऐकलं नव्हतं. महायुद्ध संपल्यावर ते आणि त्यांचा धाकटा भाऊ इंग्रजांच्या पलटणीतून हाँगकाँगला गेले होते. जपानी शरण आलेले, दोघं भाऊ धडधाकट. काम तांदळाच्या गोदामावर पहाऱ्याचं. सुरुवातीला लोक हात हलवायचे. पण चिनी सरकारचं म्हणणं, शहर आमचं, तुमची फौज इथे कशाला? इंग्रज म्हणत होता, आमचंच. वरती बोलणी चालूच. खाली रोज हसणारी भाजीवाली म्हातारी तोंड फिरवायला लागली.

"तिचं काय चुकलं?" सासरे म्हणाले. "आपल्या चावडीवर चिनी बंदुका घिऊन हुबं ऱ्हायले असते, तर आपल्याला बरं वाटलं असतं? आन आमाला तरी कुठं ऱ्हायचं हुतं? साहेब म्हनायचे, अजून ठरलं न्हाई. त्यांचं ठरंना, आन हिकडं धाकट्याला ताप भरला."

समुद्राकाठी भावाला अग्नी देऊन ते एकटेच परतले होते.

त्या भावाची बायको आमच्याच घरात होती. धाकट्या सासूबाई. थोरल्या दिरापुढे पदर ओढून वावरायच्या, त्यांच्याशी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. चुलीपाशी बसून त्यांनी हे सगळं ऐकलं आणि भाकरी थापत राहिल्या.

त्या हिवाळ्यात बातम्या लागल्या की सासरे रेडिओला कान लावून बसत. आपली फौज तिथून कधी निघणार, कोणता देश त्यावर काय बोलला, एवढंच त्यांना ऐकायचं असे. "म्हातारा आपल्याच फौजेला हाकलतोय," असं म्हणून लोक हसायचे.

उन्हं तापायला लागली तेव्हा माझा नवरा एसटीतून उतरला. धाकट्या सासूबाईंनीच भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासऱ्यांनी मुलाचे दंड चाचपले, तोंडावरून हात फिरवला, आणि उंबऱ्यावर बसून भावाचं नाव घेत हंबरडा फोडला. भाऊ गेल्यापासून ते कधी रडले नव्हते, असं सासूबाई नंतर म्हणाल्या.

"बाई, तुझा मानूस मला आनता आला न्हाई," ते धाकट्या सासूबाईंना म्हणाले.

धाकट्या सासूबाईंनी पदर मागे सारला. "दादा, शेवटाला काय मागितलं त्यांनी?"

"पानी. मी पाजलं."

"प्याले का?"

"व्हय. दोन घोट."

त्या तिथेच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खाली बसल्या. माझा नवरा ट्रंक हातात धरून अंगणात उभा होता. त्याला आत ये म्हणायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.