प्रभुभोजनाला मी बसून राहते

करुणा, इकडे ये, जवळ बस आणि आधी माझी बोलणी खा. नऊ वर्षांत एक फोन नाही, नाताळला साधं कार्ड नाही. धाकट्या बहिणीनं एवढा ताठा धरू नये गं. का धरलास ते मला ठाऊक आहे. तेच लिहायला बसले आहे, म्हणून मधेच उठून जाऊ नकोस.

मी लग्न होऊन झाशीला निघाले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या भाऊजींची नोकरी इथल्या रेल्वेच्या कारखान्यात, वॅगन दुरुस्तीची. नगरच्या फलाटावर गाडी हलायच्या वेळी बाबांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. चहावाला किटली धरून तसाच उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी सुटली तरी बाबांचं आमेन काही होईना. आई तेवढी खिडकीबरोबर चालत म्हणाली, "देवाला तिकडे शोधत बसू नकोस, तो आधीच पोचलाय. तू नीट पोच."

तो पोचलाय की नाही, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. प्रेम नगरात दोन खोल्या, उन्हाळ्यात भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. चर्चमध्ये सगळं हिंदीत, आणि मी तिथली "मराठिन भाभी". एकदा मानिक चौकात कापडाच्या दुकानात एक बाई मराठी बोलताना ऐकली, पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेल्या घराण्यातली. मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. तिनं हळदीकुंकवाला बोलावलं, मी गेले. कुंकवाचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलं, तिला गळ्यातला क्रूस दिसला आणि बोट तिथंच थांबलं. वाईट नव्हती गं ती, हरभरे दुप्पट दिले. पण पुन्हा बोलावलं नाही.

मग मराठीत बोलायला उरला तो देवच. भाजी चिरताना, नळाच्या रांगेत, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी असताना त्याच्याशी बोलायचे. तुझ्या भाऊजींची दोन बोटं कामावर गेली त्या दिवशी तर कडाकडा भांडले. उत्तर कधी आलं नाही. पण समोर कोणी नाही, असंही कधी वाटलं नाही. माझं देवाला ओळखणं एवढंच बाई, शास्त्र मला येत नाही.

आता ते लिहिते. आईच्या मातीला मी पोचले नाही. आले तेव्हा कबरीवर पाणी शिंपडूनही झालं होतं. तिथंच, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी तुला म्हणाले, "आईचं इतकं झालं होतं आणि तू मला कळवलं नाहीस." तू म्हणालीस, "ताई, फोन केला होता गं." मी म्हणाले, "आईच्या कबरीपाशी उभी राहून खोटं बोलतेस?" चुलत वहिनींनी तुझा हात धरून तुला बाजूला नेलं. सगळ्यांनी माझं खरं मानलं. मी थोरली ना.

करुणा, तुझा फोन आला होता.

महिलांची प्रार्थनासभा त्या दिवशी माझ्या घरी होती. प्रार्थना मीच चालवत होते. आजाऱ्यांसाठी, घरापासून लांब असलेल्यांसाठी. मांडीवरचा फोन थरथरला, तुझं नाव दिसलं. मला वाटलं, पुन्हा तेच रडगाणं. आई जेवत नाही, आई झोपू देत नाही, तू कधी येतेस. मी फोन गीतांच्या पुस्तकाखाली सरकवला आणि आवाज चढवून प्रार्थना पुढे नेली. तीनदा थरथरला तो. बायका म्हणाल्या, "भाभी जी, आज तो आपने दिल से प्रार्थना की." मी उलटून फोन केला नाही. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या सकाळी तुझाच आला, आई गेली म्हणून. तुझ्या भाऊजींनाही मी हे सांगितलं नाही. ते तसेच गेले.

बाबांची रीत तुला आठवत असेल. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या दारात जायचे आणि आपल्या दोघींना ओट्यावर समोरासमोर उभं करायचे. "आधी माणसाशी नीट करा, मग त्या भाकरीला हात लावा." आपण फिदीफिदी हसायचो. आता हसू येत नाही. नऊ वर्षांत मी चर्चमध्ये प्रभूची ती भाकर घेतलेली नाही. लोकांना सांगितलं, गुडघे धरलेत, पुढे जाऊन टेकता येत नाही. झालं! पुढच्या महिन्यात पास्टरजी थाळी घेऊन माझ्या बाकापाशी हजर. "अम्मा जी, आप मत उठिए, प्रभु खुद आपके पास आए हैं." काय करू? म्हटलं, कालच दाढ काढलीय. देवाच्या घरात बसून हे दुसरं खोटं. आता ते काही न विचारता पुढे जातात.

शेजारची मुन्नीबाई बुंदेलीत टोमणा मारते, "काय दीदी, तुमाए ईसू तो सब माफ कर देत, फिर तुम काए सूखत जा रईं?" म्हटलं, करतो गं माफ. पण जिचं नाव मी घालवलं, तिच्याकडे आधी जा म्हणतो. भाजी चिरताना मी अजूनही त्याच्याशी बोलते. काहीही बोलायला घेतलं तरी शेवटी तुझ्यावरच येऊन अडते.

गेल्या आठवड्यात मुन्नीबाईच मला इलाइट चौराह्याजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पोटात गाठ आहे. ऑपरेशन या वयात नको म्हणाले. पथ्य विचारलं तर म्हणाले, "अम्मा, अब जो मन करे खाइए." समजायचं ते समजले.

तू म्हणशील, तूच ये, घर इकडे आहे. प्रवास आता होत नाही गं. आणि घर तरी कुठलं? आईबाबा तिकडे मातीत, तुझे भाऊजी इकडे. खरं बोलून जिथं उभं राहता येईल ते माझं घर, आणि तशी जागा मी कुठंच ठेवली नाही.

हे पत्र आधी वहिनींना आणि त्या दिवशी तिथं होते त्या सगळ्यांना वाचून दाखव. मोठ्यानं वाच. मग इकडे ये. माफ करायलाच ये असं नाही. समोर बसून मला हवं ते बोल, मी मधे बोलणार नाही. आमच्याकडे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. या महिन्याचं होऊन गेलं. लवकर ये.