मामांच्या खोलीतला सर्व्हर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते मधल्या मामांचे. तालुक्याच्या शाळेतून मी मुंबईत इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा पदवी हाती येईपर्यंत त्यांनी मला लालबागच्या चाळीतल्या आपल्या एकाच खोलीच्या घरात ठेवून घेतलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

गेल्या वर्षी मामेभावानं लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरीच सुरू केलं. त्याचा कंप्युटर रखडायचा. मामा मला म्हणाले, "तू शिकलस, तूच काय ता बघ." त्याच सुमारास आमच्या कंपनीनं एक सर्व्हर मोडीत काढला. साहेबांना विचारून मी तो टॅक्सीत घालून आणला. ह्यात डेस्कटॉपच्या कितीतरी पट कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, आहेत, हे सगळ्या मजल्याला ऐकवलं.

सर्व्हरचे पंखे घरघरू लागले तशा शेजारच्या काकू दारात आल्या. मामेभाऊ म्हणाला, "दादा, कंप्युटर आणलास की पिठाची चक्की?" मीही हसलो.

काम मात्र आधीपेक्षा हळू झालं. सर्व्हरचा प्रोसेसर शेकडो लोकांची लहानलहान कामं एकाच वेळी, दिवसरात्र करायला बनवलेला असतो. मेमरीतली बारीक चूकही तो दुरुस्त करून घेतो. पण त्यातला एकेक कोअर सावकाश चालतो. एकट्या माणसाला व्हिडिओ पुढेमागे करत कापायचा, तर थोडेच पण वेगवान कोअर हवेत. बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत व्हिडिओसाठी वेगळा भागही असतो. ह्यात तो नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. भाऊ काम कसं करतो, ते मात्र शेजारी बसून एकदाही पाहिलं नव्हतं.

परवा दुपारी न कळवता गेलो. मामा शिवडीच्या गोदामावर रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. ते बाहेर गॅलरीत, चपलांशेजारी चटईवर पडले होते. कानात कापूस. मामी आतल्या सर्व्हरकडे बोट दाखवून म्हणाली, "बंद करूक देणत नाय. भाच्यान हौसेन आणल्यान, म्हणतत."

मामा जागे झाले. "माका सवय आसा रे. गिरणीत तर साच्याच्या बाजूक झोपलंय." मामा आधी कापडगिरणीत होते; साचा म्हणजे तिथला माग.

मला मान वर करवेना. समोर बोललो तर ते हसण्यावारी नेतील, म्हणून घरी येऊन चिठ्ठी लिहिली आणि लॅपटॉपबरोबर माणसाच्या हाती पाठवली:

"ती. मामांस,
सा. न.
असली यंत्रं एसी लावलेल्या बंद खोलीत ठेवतात, तिथे कोणी झोपत नाही. माहीत असून मी ते तुमच्या घरात आणलं, कारण चाळीनं बघावं असं वाटत होतं. मला फार लाज वाटते. रविवारी ते न्यायला टेम्पो घेऊन येतो, नको म्हणू नका. साधा डेस्कटॉप भावाला सोबत नेऊन, त्याला विचारून घेईन. तोवर त्यानं माझा लॅपटॉप वापरावा, सोबत पाठवतोय. तुम्ही आजच ते बंद करून आत झोपा."