गाळलेला बिंदू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर जीभ रेटत नाही.

मी हुबळीतल्या एका कॉलेजात ग्राफ अल्गोरिदम शिकवते. घाबरू नका, गोष्ट सोपी आहे — माणूस म्हणजे बिंदू, नातं म्हणजे रेघ, आणि त्या रेघांच्या जाळ्यातून गट शोधायची एक रीत. रस्ते, वीज, साथीचे रोग, सगळीकडे ती लागू पडते. दरवर्षी शिकवताना एक पायरी येते, सुटे बिंदू गाळून टाकण्याची. ती आली की माझं तोंड कडू होतं. मी घाईघाईने फळा पुसते. पोरांना वाटतं, मॅडमना पोर्शन संपवायचाय.

सुजाता आणि मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एकत्र संशोधन करत होतो. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी धारवाडच्या मास्तरांची मुलगी. ती हुबळीतल्या बौद्ध घरातली. तिचे अप्पा दुर्गदबैलच्या बाजारात धान्याच्या दुकानात पोती उचलायचे. प्रोग्रॅम सगळा तिने लिहिला. मी फक्त वर्गातल्या मुलींना एक प्रश्न विचारायचा — मधल्या सुट्टीत कुणाच्या डब्यातलं खातेस? उत्तरांवरून रेघा, रेघांवरून गट. त्याच गटांवरून आमचे गाईड सर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे ग्रूप पाडणार होते. जी कुठल्याच गटात नाही, तिने प्रोजेक्ट एकटीने करायचा.

सुजाताला विचारलं तेव्हा ती हसली. "तुझंच नाव घाल की. आणि कोणाचं घालणार?"

घातलं. मग माझं उत्तर भरायची वेळ आली. मी देशपांडे नगरच्या दोघी मैत्रिणींची नावं घातली. तिचं नाही.

आणि ते खोटं नव्हतं — शिसारी येते ती याचीच. दोन वर्षं शेजारी बसून मी तिच्या डब्यातला एक घास खाल्ला नव्हता. माझ्यातलं तिला द्यायचे, मोठी उदार होऊन! तिने भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली की मात्र माझं पोट भरलेलं असायचं. मग थोड्याच वेळात त्या दोघींच्या डब्यातली भरली वांगी बोटं चाटून खायचे. घरी कुणी मनाई केली होती का? नाही. आईने कधी विचारलंसुद्धा नाही. ती घाण माझी होती, मी ती आपणहून सांभाळली होती.

प्रोग्रॅम चालवला आणि चित्र आलं. सुजाताकडून माझ्याकडे एक बाण. माझ्याकडून तिच्याकडे — काही नाही. एवढं उघडं! ते बघून तिला काय वाटेल, हे माझ्या मनातही आलं नाही. लोक मला काय म्हणतील, एवढंच आलं. तिचं नाव माझ्या उत्तरात घालता आलं नसतं का? आलं असतं. पण मग त्या दोघी हसल्या असत्या.

सुजाताने नियम ठेवला होता की एकीने नाव घेतलं तरी रेघ धरायची. त्या नियमाने ती आमच्याच गटात येत होती. सेमिनारच्या आदल्या दिवशी मी तो बदलला. दोन्हीकडून नाव आलं तरच रेघ. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. तिची एकुलती एक रेघ गेली, आणि सुटे बिंदू गाळायची पायरी प्रोग्रॅममध्ये होतीच. गैरहजर मुलींसाठी तिनेच ती लिहिली होती.

सेमिनारमध्ये पडदा उजळला. तिने स्वतःला शोधलेलं मी पाहिलं. तिला ते चित्र वाचायला कितीसा वेळ लागणार? सरांनी विचारलं, काही नावं कमी दिसतात का? मी माझ्या नखांकडे बघत राहिले. मग तिनेच उत्तर दिलं, कन्नडमध्ये, अगदी सरळ आवाजात. जे कुणाला जोडलेले नाहीत ते काढलेत सर, तशीच पद्धत आहे.

सर म्हणाले, चित्र स्वच्छ आलंय. आणि मी, निर्लज्ज, थँक यू म्हणाले.

ग्रूप लागले त्या दिवशी ती व्हरांड्यात माझ्याजवळ आली. नियम का बदललास, हे तिने विचारलं नाही. अजून कधीच विचारलेलं नाही. म्हणाली, "तुमच्यात एक जागा आहे काय गं?"

मी म्हणाले, सरांनी ठरवलंय, आता काही होत नाही.

ग्रूप चौघींचा असायचा. आम्ही तिघीच होतो.