नणंदबाईंनी शोधून काढलेलं सासर

माझ्या नणंदबाईंच्या तावडीतून आजवर एकही माणूस आपलं मूळ गाव सांगितल्याशिवाय सुटलेला नाही. त्या नागोयात राहतात, आम्ही दूर राजधानीत, फुनाबोरीला. पण त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या जपानी आज्यांची माहेरं मला इथे बसून पाठ झाली आहेत. कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरतात आणि कुणाचा आजा कुठल्या बेटावर मासे सुकवायचा ते ऐकून वर येतात. जपानी मोडकंतोडकं, पण आव असा, की समोरच्याने उत्तर दिलं नाही तर त्याचंच काहीतरी चुकलं! "अगं, माणूस काय आकाशातून पडतो? कुणाचा तरी असतोच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि नशिबाची गंमत बघा, अशा बाईला सासर मिळालं ते बिनमुळाचं. आमचे जावई, म्हणजे नणंदबाईंचे यजमान, ऑस्ट्रेलियन, इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांचे वडील अनाथाश्रमातले, लहानपणीच बोटीत बसवून ऑस्ट्रेलियाला पाठवलेले. जवळ होतं फक्त एक आयरिश आडनाव, तेही इतकं दुर्मीळ की आयरिश माणूससुद्धा "पुन्हा सांगा" म्हणतो. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. एकदा नागोयाला आले असताना जेवताजेवता म्हणाले, "माझं कोणी होतं की नाही, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं." झालं! अंगात जीन्स असूनही नणंदबाईंनी पदर खोचला.

पद्धत एकच, आपली स्थळाच्या चौकशीची. आयर्लंडमधल्या खेड्यातलं वाण्याचं दुकान असो, चर्च असो की दारूचा गुत्ता, नंबर मिळाला की फोन. या आडनावाचं कोणी आहे का? भावंडं किती? जमीन किती? पितात का? मी म्हटलं, "ताई, जमीन कशाला विचारता?" तर म्हणाल्या, "जमिनीचं विचारलं की माणसं आपोआप चार पिढ्यांचं बोलतात." आणि खरंच बोलायची हो! फक्त एका साठीच्या, बिनलग्नाच्या शेतकऱ्याला वाटलं, जपानहून आपल्यालाच सांगून आलंय. त्याने कोट-टाय घालून, गाईशेजारी उभं राहून काढलेला फोटो पाठवला. नणंदबाईंनी त्याची नीट समजूत घातली, आणि त्याच भल्या माणसाने सांगितलं, की डोंगरापलीकडे त्या आडनावाची एक म्हातारी राहते. एकटीच, घराण्यातली शेवटची.

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! आमच्या शेजारच्या ओजिमातल्या सगळ्या मैत्रिणींना मी फोन करून कळवलं, जसा काही शोध मीच लावला होता.

रविवारी व्हिडिओ कॉल ठरला. म्हातारी आयर्लंडात, नणंदबाईंचे सासरे ऑस्ट्रेलियात आणि आम्ही सगळे नागोयात नणंदबाईंच्या घरी दाटीवाटीने बसलेलो. म्हातारीने चष्मा लावला, सासऱ्यांकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, हा तर माझ्या वडिलांचाच चेहरा!" तिच्या आत्याला लग्नाआधी मूल झालं होतं, ते घरच्यांनी आश्रमात दिलं, आणि आत्या शेवटपर्यंत त्याच्याबद्दल विचारत राहिली, हे तिने सांगितलं. इंग्रजीतच सांगितलं, पण माझ्या मनात ते मराठीतच राहिलंय.

"विचारत होती?" सासऱ्यांनी विचारलं.

"रोज."

नणंदबाई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. सासरे सावरून बसले, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मूल सांगतं तसं त्यांनी त्या म्हातारीला आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.