सदऱ्याची बाही

"किती देऊ?" दुकानदाराने विचारलं आणि झबल्यांचा ढीग पुढ्यात ओतला. लेकीला नववा लागलेला, माझा हात थांबेना. पिवळं हवं, बदकांचंही हवं. बायकोने सगळं शांतपणे परत सरकवलं. "जन्माआधी नवं घेत नाहीत. बाळाला पहिल्यांदा जुन्यातलंच घालायचं, मऊ असतं."

मी तोंड फुगवून घरी आलो. तिने माझा धुऊन धुऊन विरलेला मलमलचा सदरा काढला, एक बाही कापली आणि तेवढ्याच कापडात झबलं बेतलं. मला वाटलं, आणखी कापड लागेल. लागलं नाही. इतकी वर्षं जिच्यात माझा फक्त एक हात जायचा, त्या बाहीत आता अख्खा माणूस मावणार होता.

मी दुसरी बाहीही तिच्यापुढे सरकवली.