म्हातारीला खाली आणताना

अक्का उपग्रह सांभाळतात म्हटलं की लोकांना वाटायचं, बाई दुर्बिणीला डोळा लावून बसते. कसलं काय! सगळी नोकरी एका बिनखिडकीच्या खोलीत पडद्यावरचे आकडे वाचण्यात गेली. त्या आकड्यांमागे जंगलांवर नजर ठेवणारा एक जुना उपग्रह होता. बरोबरीचे केव्हाच बंद पडले, हा आपला ठणठणीत. म्हणून सगळे त्याला म्हातारी म्हणत.

ठरलं होतं असं: इंधन संपेपर्यंत म्हातारीने काम करायचं, मग तिला सोडून द्यायचं. तितक्या उंचावरही हवेचा पुसटसा अंश असतो. तो तिला हळूहळू खाली ओढणार आणि वाटेतच तिची राख होणार. आपण निवृत्त होईपर्यंत ती चालावी, एवढीच अक्कांची इच्छा होती.

पण नवे हिशेब आले. वरची हवा वर्षानुवर्षं विरळ होत चालली होती. आपल्या धुरातला जो वायू इथे उकाडा वाढवतो, तोच तिथे हवा थंड करतो आणि ती आकसते. म्हातारीला ओढायला हवाच पुरणार नव्हती. मेल्यावरही ती पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या उपग्रहांच्या वाटेत फिरत राहणार होती.

रात्री जेवताना अक्कांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवायचा.

"माझ्या बसचा धूर तिथवर पोचला?"

"पोचला. आकाश खाली बसलंय."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. अक्कांच्याही अंगावर काटा आला. एवढं अफाट आकाश, आणि माणसाने चुली-गाड्या पेटवून ते खाली आणलं!

"मग तुझ्या म्हातारीचं काय?"

"उरलेलं इंधन आत्ताच जाळून तिला खाली आणायचं, नाहीतर अजून दोनेक वर्षं काम करून घ्यायचं आणि मग तिथेच सोडून द्यायचं. माझ्यावर सोडलंय."

"बंद पडलेली बस भर रस्त्यात सोडून मी घरी आलो, तर तू मला दारात तरी उभं करशील का?"

सकाळी अक्कांनी स्वतःच्या हाताने आज्ञा पाठवली. म्हातारी होतं नव्हतं ते इंधन जाळून खालच्या दाट हवेत उतरली. आता थोड्याच वर्षांत ती जळून जाणार होती.

राहिली शेवटची आज्ञा: बोलणं बंद कर. कुठलीही आज्ञा मिळाली की उपग्रह आधी पोच देतो, मग ती पाळतो. अक्कांनी बटण दाबलं. म्हातारीने नेहमीसारखी लगेच पोच दिली, आणि पडद्यावरचे आकडे थांबले.

"हो म्हणाली गं," अक्का शेजारच्या पडद्यावर बसलेल्या सहकारिणीला म्हणाल्या, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच रडल्या.