पाटीवर विचारलेला प्रश्न

“गुरुजी, याला ऑटिझम स्पेक्ट्रम म्हणतात. हे आता झालेलं नाही, जन्मापासूनच आहे,” असे डॉक्टरबाईंनी सांगितले तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच निराळी असणे. आवाज, स्पर्श, माणसांचे चेहरे हे सारे इतरांपेक्षा वेगळ्या रीतीने आत पोचणे. शेजारच्या खुर्चीवर माझी कन्या मेघना बसली होती. तिच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. माझी पत्नी वत्सला बोलावूनही आली नव्हती.

मी शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर पंचवटीत पौरोहित्य केले. पण मनाला समाधान म्हणून कधी लाभले नाही. लग्नकार्याहून परतलो की कपाळ ठणके, कुणाचा स्पर्श सोसवत नसे, क्षुल्लक कारणाने संताप उसळे. तो माझ्यातला दोष आहे असे मी मानले आणि मौन हे त्यावरचे औषध ठरवले. सोमवारी मौन, एकादशीला मौन, श्रावणात महिनाभर मौन. लोक त्याला साधना म्हणत. मलाही ते खरे वाटे.

गेल्या माघात मेघनाच्या मुलीचे बारसे तिच्या इंदिरानगरच्या घरी झाले. स्पीकर, मिक्सर, अत्तराचा वास, एकाच खोलीत चाळीस माणसांचे बोलणे. फोटोसाठी कुणीतरी दंड धरून मला पाळण्याजवळ ओढले आणि मी हातातले तबक भिंतीवर फेकले. बाळ दचकून रडू लागले. घरी येऊन प्रायश्चित्त म्हणून मी अकरा दिवसांच्या मौनाचा संकल्प केला.

चौथ्या दिवशी सकाळी वत्सला न्हाणीघरात घेरी येऊन पडली. तिने हाक मारली. मी धावलो, तिला उचलून पलंगावर आणले, पाणी दिले. मात्र तोंड उघडले नाही. पाटी आणून त्यावर प्रश्न लिहिला आणि तिच्यापुढे धरला. तिने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. दुपारी मेघनाला बोलावून ती तिच्याबरोबर निघून गेली. मी संकल्प अकराव्या दिवसापर्यंत पाळला. हे लिहिताना लाज वाटते. त्या वेळी धन्य वाटले होते.

त्यानंतर मेघना मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. पहिल्या खेपेस दोन तास बाहेरच बसलो. टीव्ही चालू होता, नंबर पुकारला जात होता, आणि आत बोलावले तेव्हा मला स्वतःचे नावही सांगवेना. दुसऱ्या खेपेस लांबलचक प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्या खेपेस बालपणाची माहिती हवी होती, म्हणून कळवणला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, फोन लावला.

“अहो, तीन वर्षांचा होईस्तोवर हा बोललाच नाही,” अक्का म्हणाली. “आई नवस करून थकली. मग एक दिवस तोंड उघडलं ते थेट मंत्र म्हणायला, अगदी वडलांच्या आवाजात. पाणी मागायला मात्र आमच्या या बापूनं आणखी वर्ष लावलं.”

डॉक्टर हसल्या, आणि सगळे लिहून घेतले.

निदानाच्या दिवशी त्यांनी समजावले, “बारशाला झालं तो नुसता राग नव्हता. त्याला मेल्टडाऊन म्हणतात. बाहेरचं इतकं आत साचतं, की मेंदू हात टेकतो. मौन ही तुमची विश्रांती होती. ती तुम्हाला लागणारच. फक्त किती वेळ लागेल ते घरच्यांना आधी सांगत जा.” या घडणीवर औषध नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मी फार थकलो त्या दिवशी. ज्याला जन्मभर तप म्हटले तो शिणलेल्या मेंदूचा आडोसा असेल, तर देवाच्या चरणी मी वाहिले तरी काय?

तिथून आम्ही मेघनाच्या घरी गेलो. वत्सला मेथी निवडत होती. मी म्हणालो, “जन्मजात आहे म्हणतात. माझा दोष नाही.”

“म्हणजे तुम्हाला कागद मिळाला,” ती म्हणाली. “मला काय मिळालं? पाटीवर काय लिहिलं होतंत ते मला आजही माहीत नाही. चष्मा खिडकीत राहिला होता.”

“लागले का, असे विचारले होते.”

“लागलं होतं,” ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

मग मी रोज दुपारी इंदिरानगरला जाऊ लागलो. मला काय सोसत नाही, ते रोज एक तिला सांगायचे, एवढेच ठरवले होते. पहिल्या दिवशी म्हणालो, “कुकरची शिट्टी मला सुईसारखी टोचते.”

“आणि त्रेचाळीस वर्षं गिळून बसलात? भात पातेल्यात शिजला असता की.”

चारचौघांत मी इतरांचे पाहून हसतो, हेही सांगितले. याला मास्किंग म्हणतात. मुखवटा घालून वावरणे. “ते मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. तिच्या बांगड्यांचा आवाज सोसत नाही हे सांगितले, तेव्हा मात्र ती दोन दिवस माझ्यासमोर आली नाही.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे कुणी असेल, तर निदानाने मन हलके होईल अशी आशा धरण्याची घाई करू नये. माझे झाले नाही. आपला शीण घरच्यांनी इतकी वर्षे न विचारता वाहिला, हे आधी ध्यानात येते, आणि ते जड असते.

वैशाखात एका संध्याकाळी वत्सला आपणहून परत आली. पिशवी ठेवली आणि म्हणाली, “दमलेय मी. अर्धा तास माझ्याशी बोलू नका.” तिने खोलीचे दार लोटून घेतले.

मी बाहेर पाटावर बसलो. माझे काय चुकले, ती रागावली आहे का, पुन्हा निघून जाईल का, असे सारे मनात येत राहिले. समोर घड्याळ होते, म्हणून तेवढा वेळ धीर धरवला. मी गप्प होत असे तेव्हा तिला घड्याळाचाही आधार नव्हता. तिने वेळ सांगितली, यासाठी मी तिचा ऋणी होतो. सायंसंध्येची वेळ टळत चालली होती. मी जागचा उठलो नाही.